निमंत्रणाच्या रांगेत विरलेली उत्सुकता : गूगल वेव्हचा प्रकरण अभ्यास

२८ मे २००९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गूगलच्या वार्षिक डेव्हलपर परिषदेत लार्स आणि येन्स रासमुसेन हे दोघे भाऊ व त्यांच्या सहकारी स्टेफनी हॅनन यांनी एका नव्या ऑनलाइन संवाद-साधनाचे सुमारे ८० मिनिटांचे प्रात्यक्षिक करून दाखवले. ते पाहून सभागृहातले डेव्हलपर उभे राहिले, त्यांनी जल्लोष केला आणि काही जणांनी तर आपापले लॅपटॉप हवेत उंचावून हलवले. त्या साधनाचे नाव गूगल वेव्ह. त्यानंतर चौदा महिने उलटतात न उलटतात तोच, ४ ऑगस्ट २०१० रोजी, कंपनीचे वरिष्ठ अधिकारी उर्स होल्झ्ले यांनी वेव्हचा स्वतंत्र विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. अपेक्षेइतक्या लोकांनी ते स्वीकारले नाही, एवढेच त्यांनी दिलेले कारण होते.

एवढ्या जल्लोषानंतर वेव्ह का फसले? ते भलतेच गुंतागुंतीचे होते, लोकांना ते कळलेच नाही, असे एक उत्तर तेव्हापासून सर्रास दिले जाते. ते अगदीच खोटे नाही, पण मला ते अपुरे वाटते. लोकांची उत्सुकता खरी होती आणि ज्या कामगिरीमुळे ती निर्माण झाली होती ती कामगिरीही खरी होती. जे चुकले ते हे साधन लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीत. ज्या साधनाला मुळात गटाची गरज होती, ते एकेका माणसाच्या हाती, सुटे सुटे, थांबवून थांबवून देण्यात आले. या प्रकरणाचा अभ्यास मी त्या अंगाने मांडत आहे.

लोकांनी वेव्हकडे एवढ्या आशेने का पाहिले, हे समजण्यासाठी ते बनवणारे कोण होते हे आधी पाहावे लागते. रासमुसेन बंधू मूळचे डेन्मार्कचे. सिडनीमध्ये आणखी दोन सहकाऱ्यांसह त्यांनी ‘व्हेअर टू टेक्नॉलॉजीज’ ही छोटी कंपनी काढली होती. २००४ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि तिच्या कामातून फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स लोकांसमोर आले. माउसने धरून नकाशा सरकवावा आणि पान पुन्हा न उघडता पुढचा भाग समोर यावा, हा अनुभव त्या वेळी ब्राउझरमध्ये नवाच होता. अशा माणसांनी २००७ च्या सुमारास अवघ्या पाच जणांचा चमू घेऊन, ‘वॉकअबाउट’ या सांकेतिक नावाने, सिडनीतच नव्या कामाला हात घातला होता. नकाशाचे रूप बदलणारे हात आता पत्रव्यवहाराला लागले आहेत म्हटल्यावर जाणकारांनी कान टवकारले, यात नवल नव्हते.

त्यांचा मूळ प्रश्न सरळ होता. ईमेल ही कागदी पत्राची नक्कल आहे आणि चॅट ही टेलिफोनवरच्या बोलण्याची. या दोन्ही गोष्टींचा विचार झाला तेव्हा आजचे इंटरनेट नव्हते. मग ईमेल आज, नव्याने, शोधून काढायचे ठरवले तर ते कसे असेल? त्यांच्या उत्तराप्रमाणे पत्र एकाकडून दुसऱ्याकडे जायचेच नाही. ते सर्व्हरवर एका जागी राहील आणि ज्यांना बोलावले आहे ते सगळे तिथे येऊन लिहितील. कोणी मधल्याच परिच्छेदाखाली उत्तर देईल, कोणी दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त करील, कोणी छायाचित्रे ओढून आणून टाकील. एक माणूस लिहीत असताना त्याचे अक्षर न् अक्षर इतरांच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटेल. उशिरा आलेल्याला सुरुवातीपासून काय काय घडले ते ध्वनिफीत मागे नेऊन ऐकावी तसे क्रमाने पाहता येईल. रोझी नावाचा एक यंत्रसहायक संभाषणात सामील करून घेतला, तर इंग्रजीत लिहिलेले वाक्य लिहिता लिहिताच फ्रेंचमध्ये उमटत असल्याचेही त्या दिवशी दाखवण्यात आले. शिवाय वेव्हचा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, खुला ठेवून कोणत्याही संस्थेला स्वतःचा सर्व्हर चालवता यावा, म्हणजे ईमेलप्रमाणेच ही सोयही कोणा एका कंपनीच्या मालकीची राहू नये, असे वचन दिले गेले. मला स्वतःला त्या दिवशीची सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते, जरी टाळ्या तिला सर्वांत कमी मिळाल्या असतील.

अक्षरे एकाच वेळी उमटण्यामागचे तंत्र नीट पाहण्यासारखे आहे, कारण सभागृहातला जल्लोष बराचसा त्यासाठी होता. समजा, सर्वांसमोर ‘सभा पाच वाजता आहे’ असे वाक्य आहे. एकाच क्षणी दोघे ते बदलतात. पहिली व्यक्ती वाक्याच्या आरंभी ‘उद्या’ हा शब्द घालते. दुसरी व्यक्ती दुसऱ्या स्थानावरचा शब्द काढून तिथे ‘सहा’ लिहिते, कारण तिच्या पडद्यावर अजून ‘पाच’ हाच दुसरा शब्द आहे. सर्व्हरने दोन्ही सूचना जशाच्या तशा एकामागून एक अमलात आणल्या, तर पहिल्या सूचनेनंतर दुसऱ्या स्थानावर ‘सभा’ आलेली असते आणि वाक्य ‘उद्या सहा पाच वाजता आहे’ असे होऊन बसते. म्हणून दुसरी सूचना अमलात आणण्याआधी तिचेच रूपांतर करावे लागते: आरंभी एक शब्द वाढला आहे, तेव्हा ‘दुसरे स्थान’ म्हणजे आता ‘तिसरे स्थान’. मग ‘उद्या सभा सहा वाजता आहे’ हे दोघांच्याही मनातले वाक्य दोघांच्याही पडद्यावर येते. या पद्धतीची मांडणी एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्ये केली होती आणि १९९५ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या ‘ज्युपिटर’ या प्रणालीने ती पुढे नेली होती. वेव्हने हे तत्त्व साध्या मजकुरापुरते न ठेवता मांडणी, चित्रे, छोटे संगणक-कार्यक्रम आणि खुल्या प्रोटोकॉलवरून जोडलेले अनेक सर्व्हर इथपर्यंत ताणले, आणि तेही ब्राउझरमध्ये. जे त्या धंद्यातले होते त्यांना याची किंमत कळत होती. त्यांचे उभे राहणे जाहिरातीला भुलून झालेले नव्हते.

परिषदेनंतर डेव्हलपरांना चाचणीसाठी खाती मिळाली आणि बाकीच्यांनी नावे नोंदवून वाट पाहायला सुरुवात केली. ३० सप्टेंबर २००९ रोजी एक लाखाहून अधिक निमंत्रणे पाठवण्यात येतील, असे जाहीर झाले. ती तीन प्रकारच्या लोकांसाठी होती: चाचणीत सक्रिय असलेले डेव्हलपर, अभिप्राय देण्याच्या तयारीने आधी नाव नोंदवलेले लोक, आणि कंपनीच्या कार्यालयीन सेवेचे निवडक ग्राहक. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्यापैकी अनेकांना आणखी आठ जणांची नावे सुचवता येत होती. मात्र सुचवले म्हणजे मिळाले, असे नव्हते. निमंत्रणे लगेच जाणार नाहीत, आम्हाला बरीच टपालतिकिटे चिकटवायची आहेत, अशा आशयाची सूचना नावे भरण्याच्या त्या चौकटीतच लिहिलेली होती. मंडळी निमंत्रण मागत हिंडू लागली, ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर निमंत्रणांच्या बोली लागल्या, आणि वर्षाअखेरीस ट्विटरने २००९ मधल्या सर्वाधिक चर्चेच्या विषयांची यादी दिली तेव्हा तंत्रज्ञानाच्या विभागात गूगल वेव्ह पहिल्या क्रमांकावर होते.

या पद्धतीला एक यशस्वी पूर्वज होता. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले तेही निमंत्रणानेच. हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी जागा देत असताना जीमेलने १ जीबी देऊ केली. निमंत्रणांचा तेव्हाही लिलाव झाला आणि १४ फेब्रुवारी २००७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, सर्वांना सरसकट दार उघडले गेले नाही. तरीही जीमेलची वाढ खुंटली नाही. कारण साधे आहे. जीमेलचे खाते मिळालेला एकटा माणूस पहिल्याच मिनिटाला याहूवरच्या मामाला पत्र लिहू शकत होता. निमंत्रण त्याला एकट्याला मिळाले होते, तरी त्याचे सगळे जग आधीच जोडलेले होते. दुर्मिळतेने त्याची मिजास वाढत होती आणि उपयोग मात्र तसूभरही कमी होत नव्हता.

वेव्हमध्ये नेमके उलटे होते. वेव्हमधून ईमेलच्या पत्त्यावर पत्र जात नव्हते आणि ईमेलवरून वेव्हमध्ये येत नव्हते. आत असलेल्याने बाहेरच्याशी बोलायचे म्हटले तर वाटच नव्हती.

हे जवळून पाहण्यासाठी आपल्या परिचयाचे एक काम घेऊ. २००९ मध्ये लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होते, आणि मराठीत ऑनलाइन दिवाळी अंक तेव्हा रुळलेले होते. अशा एका अंकाचे पाच जणांचे संपादक मंडळ आहे, असे धरून चालू: एक पुण्यात, एक नाशिकला, एक बंगळुरूत, एक न्यू जर्सीत आणि मुद्रितशोधन करणारी पाचवी व्यक्ती रत्नागिरीत. लेख ईमेलने फिरतात. एका लेखाच्या चार प्रती होतात; ‘अंतिम’ नावाच्या फाइलनंतर ‘अंतिम नवीन’ येते; न्यू जर्सीतल्या संपादकाने रात्रभर बसून केलेल्या दुरुस्त्या पुण्यातल्याने जुन्या प्रतीत केलेल्या दुरुस्त्यांना खाऊन टाकतात. वेव्ह ज्या दुखण्यावरचे औषध होते ते हेच दुखणे. असे मंडळ त्या सप्टेंबरात डोळे लावून बसले असते तर त्यात काहीच वावगे नव्हते.

आता निमंत्रणांचा हिशोब करून पाहू. पाचांपैकी प्रत्येकाला निमंत्रण मिळण्याची शक्यता निम्मी होती, असे उदारपणे गृहीत धरले आणि एकाच्या मिळण्याचा दुसऱ्याच्या मिळण्याशी संबंध नाही असे मानले, तर पाचही जण एकाच वेळी आत असण्याची शक्यता ३२ मध्ये १ एवढीच निघते. ज्याला निमंत्रण मिळाले त्याने बाकीच्या चौघांची नावे सुचवली तरी ती पत्रे केव्हा सुटतील ते त्याच्या हाती नाही. अंक तर १७ ऑक्टोबरच्या आत निघाला पाहिजे. मग काम जुन्याच ईमेलवर चालू राहते आणि निमंत्रण मिळालेला एकटा संपादक संध्याकाळी वेव्ह उघडून बसतो. त्याच्यासमोर तीन उभ्या चौकटी आहेत, डावीकडे संपर्कांची जवळपास रिकामी यादी आहे, आणि आपलीच अक्षरे दुसऱ्या कोणाच्या पडद्यावर उमटत असतील या कल्पनेचे सगळे बळ तो दुसरा नसल्यामुळे नाहीसे झाले आहे. दोन-तीनदा असे झाले की चौथ्यांदा तो उघडत नाही. पुढे महिन्याभराने नाशिककराला निमंत्रण मिळते, तेव्हा त्याला आत पुणेकर दिसतो, पण तो तिथे येणे सोडून बसलेला असतो.

कंपनीला हे दिसत नव्हते, असे म्हणता येत नाही. निमंत्रणांच्या घोषणेतच त्यांनी म्हटले होते की मित्र, घरची माणसे आणि सहकारी यांच्याकडेही वेव्ह असेल तर ते कितीतरी अधिक उपयोगी पडते. म्हणून तर नावे सुचवण्याची सोय दिली होती. सर्व्हरवरचा भार बेताने वाढवण्याची त्यांची अडचणही मी खरी मानतो. प्रत्येक अक्षरासाठी सर्व्हरला काम करावे लागणारी व्यवस्था एका रात्रीत लाखो लोकांना खुली करणे धोक्याचेच होते. पण भार मर्यादित ठेवायचा म्हणजे माणसे सुटी सुटी घ्यायची, असा काही नियम नव्हता. एक लाख निमंत्रणे एक लाख विखुरलेल्या लोकांना देण्याऐवजी दहा-दहा जणांच्या दहा हजार गटांना देता आली असती. भार तेवढाच राहिला असता आणि प्रत्येकाला आत शिरल्याबरोबर समोर आपली माणसे दिसली असती.

गटाने दार उघडण्याचे उदाहरण त्या वेळी डोळ्यांसमोर होते. फेसबुकने २००४ मध्ये हार्वर्डपासून सुरुवात करून एकेक विद्यापीठ असेच आत घेतले होते. बाहेरच्यांना बंदी होती, पण आत आलेल्याला वर्गातले सगळे भेटत होते. खुद्द गूगलचे ऑर्कुट हे समाजमाध्यम २००४ मध्ये निमंत्रणानेच सुरू झाले होते. भारतात ते किती फोफावले हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे, आणि तिथे आत आलेला माणूस आपल्या कंपूला ओढून आणत होता. तेव्हा सगळा दोष निमंत्रणावर टाकणे योग्य होणार नाही. सुचवणे आणि मिळणे यांत पडलेल्या अंतराने वेव्हचा घात केला.

याहून बोलकी तुलना ईथरपॅडची आहे. गूगलच्याच काही माजी अभियंत्यांनी २००८ च्या अखेरीस काढलेल्या या सोयीत अनेक जण एका पानावर एकाच वेळी लिहू शकत. प्रत्येकाच्या अक्षरांना वेगळ्या रंगाची पार्श्वभूमी मिळे, आणि झालेले बदल क्रमाने पुन्हा पाहता येत. वेव्हच्या मानाने हे अगदी साधे होते: चित्रे नाहीत, यंत्रसहायक नाहीत, संभाषणाच्या फांद्या नाहीत. पण सार्वजनिक पान उघडून त्याचा दुवा ईमेलने चौघांना धाडला की चौघेही खात्याशिवाय, निमंत्रणाशिवाय त्या पानावर हजर होत. वरच्या दिवाळी अंकाच्या मंडळाला ऑक्टोबर २००९ मध्ये याचा उपयोग दहा मिनिटांत झाला असता. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली आणि तिचा चमू वेव्हच्या कामाला जोडला. ईथरपॅड बंद होणार म्हटल्यावर वापरणाऱ्यांनी एवढा आरडाओरडा केला की नवी पाने उघडण्याची सोय काही काळ परत द्यावी लागली आणि पुढे त्याची संगणकसंहिताही (सोर्स कोड) खुली करण्यात आली. ते बंद होऊ नये म्हणून लोक भांडले. वेव्हसाठी लोक रांगेत उभे राहिले होते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत ठोस पुरावा हाच आहे.

बाकीच्या उणिवा थोडक्यात सांगतो. आरंभी वेव्हमध्ये नवे काही घडल्याची ईमेलने सूचना मिळत नव्हती, त्यामुळे आत काही चालले आहे का हे पाहायला माणसाला आपणहून जावे लागे. एकदा सामील केलेल्या व्यक्तीला काढता येत नव्हते. या दोन्ही त्रुटी २०१० मध्ये दूर झाल्या. इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरमध्ये वेव्ह नीट चालत नसल्यामुळे त्यात क्रोम फ्रेम हा जोड बसवावा असा सल्ला दिला गेला. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि सायबर कॅफेंत तेव्हा एक्स्प्लोररचेच राज्य होते आणि असे जोड बसवण्याची मुभा सहसा नसे. त्यात आपल्याकडे सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएस एवढा कमी वेगही तेव्हा ब्रॉडबँड मानला जाई. अक्षरागणिक उमटणाऱ्या लेखनाने काहींना अवघडल्यासारखे झाले, कारण खोडलेला शब्दही समोरच्याला दिसत होता. पण सवयीने तो संकोच गेला असता, असे मला वाटते. आणि हो, ज्या वस्तूची ओळख करून द्यायला ८० मिनिटे लागतात, तिच्याबद्दल शेजाऱ्याला एका वाक्यात काय सांगायचे, ही अडचण शेवटपर्यंत राहिली. तीही गटाने आत आलेल्यांना कमी भासली असती. पाच जण मिळून एक लेख दुरुस्त करायला बसले की वेव्ह म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

१९ मे २०१० रोजी वेव्ह सर्वांसाठी खुले झाले. तोवर पहिल्या प्रात्यक्षिकाला जवळजवळ वर्ष झाले होते. ज्यांना सर्वांत जास्त हौस होती त्यांनी ओस खोल्या पाहून पाठ फिरवली होती, आणि नव्याने येणाऱ्यांच्या कानावर त्यांचेच अनुभव गेलेले होते. त्या दिवसापासून विकास थांबवल्याच्या घोषणेपर्यंत ७७ दिवस गेले. दार पूर्ण उघडल्यावर गट जमतात का, हे पाहायला एवढा अवधी अगदीच तोकडा होता. आठ महिने लोकांना दाराबाहेर ताटकळत ठेवणाऱ्यांनी दार उघडल्यावर तीन महिनेही थांबू नये, याची हळहळ मला आजही वाटते.

त्या कामाचा बराच भाग वाया गेला नाही. एप्रिल २०१० मध्ये गूगल डॉक्समध्ये मजकूर लिहिण्याचे नवे साधन (एडिटर) आले, त्यात याच तत्त्वावर अक्षरागणिक एकत्र लिहिता येऊ लागले, आणि तिथे पान दाखवायचे तर दुवा पाठवणे पुरत होते. २००९ मध्येच सुरू झालेल्या व्हॉट्सअ‍ॅपने फोनमधली नंबरांची यादीच संपर्कयादी म्हणून घेतली, त्यामुळे पहिल्यांदा उघडल्यावर समोर आपलीच माणसे दिसण्याचा प्रश्न तिथे फार लवकर सुटला. लार्स रासमुसेन २०१० च्या अखेरीस फेसबुकमध्ये गेले. वेव्हची संहिता त्याच सुमारास खुली सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेकडे सोपवण्यात आली. स्वतःचा सर्व्हर चालवू पाहणाऱ्या थोड्या लोकांनी ती काही वर्षे जपली आणि २०१८ च्या जानेवारीत तो प्रकल्पही निवृत्त झाला. खुल्या प्रोटोकॉलचे वचन त्याच्याबरोबर मिटले. आज आपण ज्या साधनांवर एकत्र लिहितो-बोलतो त्यांपैकी बहुतेकांवर दुसऱ्या कंपनीच्या साधनातल्या माणसाला सामील करता येत नाही.

मूळ सेवेवर ३१ जानेवारी २०१२ पासून नवे काही लिहिता येईनासे झाले. जुनी संभाषणे उघडून वाचता येत होती आणि एकेक करून पीडीएफ रूपात उतरवून घेता येत होती. ज्यांनी खरोखर गटाने तिथे काम केले होते, त्यांना त्यासाठी तीन महिने मिळाले. ३० एप्रिल २०१२ रोजी सर्व्हर बंद झाले.